वलगावच्या रस्त्यावरची विजेची गाडी

दचकू नका, मीच बोलते आहे. अमरावतीच्या मोरोपंत वकिलांची विजेची मोटार. आवाज न करता जवळ येऊन उभं राहायची माझी जन्माची खोड आहे, आणि तिच्यापायी मी पुष्कळ शिव्याही खाल्ल्या आहेत.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. मुंबईच्या एका शेठजींनी मला हौसेनं आणवलं. त्यांची हौस फिटली तेव्हा पंतांनी मला घेतलं आणि आगगाडीतून बडनेऱ्याला उतरवलं. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नंबराची पाटी माझ्या पाठीवर लागली. अमरावतीत तेव्हा नुकतेच विजेचे खांब उभे राहिले होते. बंगल्याच्या पडवीतली तार रात्रभर पोटाला लावली की सकाळी मी ताजीतवानी!

"चारा नाई, तेल नाई, धूर नाई. मंग हे खाते तरी काय जी?" नत्थुजीनं पहिल्याच दिवशी विचारलं. नत्थुजी पंतांचा जुना माणूस, वलगावचा. आधी तो त्यांची दमणी हाकायचा. ती बैलगाडी गेली आणि मी त्याच्या वाट्याला आले.

"वीज खाते," पंत म्हणाले.

"इज? आभायातली?" त्यानं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पायातल्या वहाणा काढून ठेवल्या. त्यानंतर तो मला कधी वहाणा घालून शिवला नाही.

दुसऱ्या मोटारींच्या तोंडात लोखंडी दांडा खुपसून गरगर फिरवावा लागे. तो उलटा फिरला की मनगट मोडलंच म्हणून समजा. माझं तसं काही नव्हतं. कळ पुढे केली की मी निघाले! म्हणून तर पंतांच्या सूनबाई सिंधूबाई मला चालवायला लागल्या. पदराला तेलाचा डाग नाही, अंगाला वास नाही. पहिल्यांदा एकट्या निघाल्या तेव्हा मध्येच थांबून म्हणाल्या, "अगं बाई, मला तर चिमण्या ऐकू येतायत!" लांबचा पल्ला मात्र मला झेपत नसे. अकोल्याच्या कोर्टात पंत आगगाडीनंच जायचे.

आता त्या पोळ्याची गोष्ट सांगते. आमच्या वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि हात जोडून म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." त्या वर्षी नत्थुजीनं माझ्या चाकांवरच्या पत्र्यालाही तूप-हळद चोळली आणि मलाही आवतण दिलं. मी तर विरघळूनच गेले. मग त्याच्या मनात आलं, की उद्याच्या जेवणाचं आवतण दिलेल्याला आजच कसं जेवू घालायचं? त्यानं माझी तार काढून ठेवली. त्या दिवशी मी गावभर हिंडले होते. तशीच अर्ध्या पोटी झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वलगावहून निरोप आला. नत्थुजीची लेक जमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि सकाळपासून अडली होती. सुईण मैनाबाईनं हात टेकले होते. जमुनाला अमरावतीच्या जनानी दवाखान्यात आणायला हवं होतं. बैलगाडीचे हिसके तिला सोसणार नव्हते, आणि पोळ्याच्या दिवशी बैल जुंपायचा तरी कोणी? सिंधूबाई पदर खोचून माझ्यात येऊन बसल्या. नत्थुजीनं माझी वीज दाखवणाऱ्या काट्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाईसाहेब, म्या काल तार काढली जी. हिले आज जेवू घालनार होतो."

सिंधूबाईंनी कळेवर हात ठेवला. "बसा, नत्थुजी," त्या म्हणाल्या. "आहे तेवढ्यावर जाऊ."

जाताना काटा निम्म्याखाली आला. येताना जमुना मागच्या बाकावर मैनाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून निजली होती. मी सिंधूबाईंच्या हाताखाली जीव मुठीत धरून चालत होते. मध्येच जमुनानं डोळे उघडले.

"मावशे, गाडी चालून राह्यली का उभी हाय?"

"चालून राह्यली, बाई. चालून राह्यली."

शहराच्या तोंडाशी पोळा भरला होता. तोरणाखाली रस्ताभर बैल उभे होते, झुली पांघरलेले, शिंगं रंगवलेले. दुसरी कुठलीही मोटार फटफटत आली असती तर शेकडो बैल उधळले असते. सिंधूबाईंनी मला अलगद त्यांच्यामध्ये घातलं. बैल बाजूला सरकत होते. एकानं मला हुंगलं आणि पुन्हा रवंथ करायला लागला. इतक्या मुक्या जिवांमधून मी कधी गेले नव्हते. माझं मन भरून आलं.

शेवटच्या रांगेशी काटा खाली पडला आणि मी थांबले. जमुना कण्हली तेव्हा लोकांनी वळून पाहिलं.

नत्थुजी खाली उतरला आणि त्यानं हात जोडले. "माही पोरगी अडली हाय. कोनी बैल द्या. पाप माह्या माथी."

पोळ्याचा मान ज्यांच्याकडे होता ते म्हातारे खुशालराव पुढे आले. त्यांनी आधी जमुनाला पाहिलं, मग आपल्या बैलांना, आणि मग पागोटं काढून सिंधूबाईंच्या शेजारी ठेवलं.

"नत्थू, पोया बैलाचा हाय. मानसाचा नाई. दोर आन!"

बैलांसाठी आणलेल्या नव्या दोरांना माणसांनी आपले खांदे लावले. सकाळी ज्यांनी आपल्या बैलांचे पाय धुतले होते तेच लोक स्वतः जुंपून घेत होते! मी आजवर माणसांना वाहून नेलं होतं. त्या दिवशी माणसांनी मला नेलं. ती धाप, ते अनवाणी पाय, "हळू रे, पोरीले हिसका नका देऊ" हे शब्द मला स्वच्छ ऐकू येत होते. माणूस ही काय चीज आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

आम्ही वेळेत पोचलो. मुलगी झाली. मायलेकी दोघी वाचल्या.

आता माझ्या पोटातल्या बॅटरीचं शिसं झिजून गेलं आहे. पोर्चमध्ये दुसरी मोटार गुरगुरते आणि मी मागच्या छपरीत उभी आहे. वर्षाकाठी जमुना लेकीला घेऊन येते.

"याच गाडीत बसून तू आली," ती सांगते.

"ओढलं कोनं?"

"मानसाईनं."

"कोन्या?"

मग जमुना एकेक नाव घेते, खुशालरावांपासून. मला भंगारात काढायचं असेल तर खुशाल काढा. पण ती नावं घेत असेल तेव्हा नको. शेवटचं नाव होईपर्यंत थांबा.