आधी पत्ता

"अहो, उंबऱ्यावर पाय नको! ओलांडून या!" देवळातली म्हातारी आतून ओरडली.

चटका बसल्यासारखा त्याने पाय मागे घेतला. सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. आत शिरण्याआधी पाय दाबून भार पेलतोय का ते बघायची सवय सुटत नव्हती.

"बाबा, हे देऊळ शहराच्या आधीपासून उभं आहे. तुमच्या वजनाने पडायचं नाही," लेक हसली.

"बघून झालं. जाऊ या का?"

"अजून आत तरी आलात का?"

बायको गेल्यापासून त्याचं हे असंच. घरात असला की बाहेर पडावंसं वाटे, बाहेर पडला की घराकडे पाय ओढत. लेकीचं म्हणणं, खोली सोडा आणि माझ्याकडे राहायला या. घरमालकाला संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं आणि हा सकाळपासून विषय टाळत नुसता भटकत होता. शेवटी लेकीने त्याला आपल्या ऑफिसमागच्या या जुन्या चिनी देवळात आणलं. चारी बाजूंना काचेच्या इमारती, मधे हे लाल खांबांचं बुटकं देऊळ. धुराने तुळया काळवंडलेल्या. छताला उदबत्तीची मोठाली वेटोळी टांगलेली. त्यांची राख खांद्यावर पडली तसा तो पुन्हा दाराकडे वळला.

म्हातारीने वाट अडवली. "काहीतरी अडलंय तुमचं. विचारून टाका देवाला." तिने चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे त्याच्या हातात दिले, एका अंगाने सपाट, दुसऱ्या अंगाने फुगीर. "हे खाली टाकायचे. एकाचं सपाट अंग वर, दुसऱ्याचं फुगीर, तर हो. दोन्ही फुगीर वर, तर नाही. दोन्ही सपाट वर आले तर देव हसला म्हणायचं, नीट सांगून परत विचारायचं. पण आधी नाव, पत्ता, घरात कोण कोण ते सांगा. कोण विचारतंय ते देवाला कसं कळणार?"

"आमच्या धंद्यात पण हेच. आधी पत्ता, मग तक्रार."

त्याने गुडघे टेकले. नाव सांगितलं, गल्ली सांगितली, मजला सांगितला. "जिन्याला लागून डावीकडची खोली. आम्ही दोघंच असतो. लेकीकडे राहायला जावं का?"

तुकडे खाली पडले. दोन्ही सपाट अंगं वर.

"हसला की हो!" म्हातारी म्हणाली. "सांगण्यात चुकलात कुठेतरी."

"चुकतोय कसला? मजला बरोबर, खोली बरोबर." तो लेकीकडे वळला. "सांग की गं यांना."

लेकीने मान फिरवली होती.

मग त्याच्या लक्षात आलं.

त्याने तुकडे उचलले. ते हातात फिरवत बसला. मागे माणसं खोळंबली होती, कुणीतरी खाकरलं.

"जिन्याला लागून डावीकडची खोली," तो म्हणाला. "मी एकटा असतो."

तुकडे त्याने म्हातारीच्या हातात परत दिले.

"अहो, टाका ना!"

"नको." गुडघ्यावर हात देत तो उठला. "घरमालकाला फोन कर, खोली सोडतोय म्हणून. पण तिचं कपाट मी आवरणार. कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावणार, बाबा."

मागची बाई पुढे येऊन बसली. पत्ता सांगून ती माणसं मोजू लागली: सासू, नवरा, दोन मुली, धाकटा दीर, त्याची बायको. लेक दारापर्यंत पोचली होती. तो खांबाला हात लावून, त्या बाईच्या घरातली सगळी माणसं सांगून होईपर्यंत ऐकत उभा राहिला.