जबाब वाचून दाखवला

“ते गाळा, स्टेनोबाई,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “‘कडी लावली’ कशाला? दार बंद होतं, एवढं पुरे.”

स्टेनोबाईंची पेन्सिल थांबली नाही. गाळायचं ते टाइप करताना गाळायचं, वहीत नाही, ही त्यांची एकतीस वर्षांची सवय. त्यांचं शॉर्टहँड असं गिचमीड की दुसऱ्या कुणाला एक अक्षर लागायचं नाही. त्यामुळे वहीची भीती कुणालाच नव्हती.

चौकशी समितीच्या खोलीत चौघीच होत्या. समितीच्या अध्यक्ष म्हणजे कॉलेजच्याच उपप्राचार्य; शेजारी बाहेरून नव्याने नेमलेल्या वकीलबाई; समोर दुसऱ्या वर्षाची मुलगी. तक्रार प्रयोगशाळेच्या सरांविरुद्ध होती, आणि सरांना विभागप्रमुख करायचं घाटत होतं. स्टेनोबाईंची निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती. घरी आता वाट बघणारं कुणी नव्हतं. मुदतवाढीचा अर्ज अध्यक्षबाईंच्या टेबलावर सहीसाठी पडून होता.

“मी दोनदा ‘नको’ म्हणाले,” मुलगी सांगत होती. “मोठ्यानं. सर म्हणाले, ओरड, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?”

“घाबरलीस, त्यात गैरसमज झाला असेल ना, बाळ?” अध्यक्षबाईंचा आवाज नुसता मधात घोळलेला.

“नाही, मॅडम.”

“बरं. बाई, ‘गैरसमज झाला असण्याची शक्यता आहे’ असं घ्या.”

शेजारच्या खोलीत जाऊन बाईंनी मुकाट्याने तसं टाइप केलं. बोटांना सवय होती. सात वर्षांपूर्वी याच खोलीत एक लांब वेणीची मुलगी बसली होती. तिच्या जबाबातही बाईंनी ‘गैरसमज’ घातला होता. तिने सही केली आणि दाखला घेऊन वर्षाच्या मध्येच कॉलेज सोडलं. जाताना दारातून तिने बाईंकडे एकदा वळून पाहिलं होतं. ती वही पुढे रद्दीत गेली.

सहीआधी जबाब वाचून दाखवायचा, असा नियम होता. अध्यक्षबाई तो काटेकोर पाळायच्या. त्यांचं काय जात होतं? स्टेनोबाई इतक्या भराभरा वाचायच्या की ऐकणाऱ्याला चार शब्दही धड कळायचे नाहीत. त्यासाठीच तर त्या नावाजलेल्या होत्या.

बाई कागद घेऊन परतल्या. मुलीने हळूच विचारलं, “काकू, मी बोलले तेच आहे ना त्यात?”

बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं.

“वाचा, बाई. आटपा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

बाईंनी टाइप केलेला कागद टेबलावर पालथा ठेवला आणि वही उघडली. मग त्यांनी सावकाश, शब्द न् शब्द वाचायला सुरुवात केली. कडी आली. दोन्ही ‘नको’ आले. ‘ते गाळा, स्टेनोबाई’ हेही आलं, कारण तेही वहीत होतं.

“हे काय चालवलंय?” अध्यक्षबाई ताडकन उठल्या. “कागदावर हे नाहीये!”

“मग कागद चुकलाय,” वकीलबाई शांतपणे म्हणाल्या. कागद उलटा करून त्यांनी वाचला आणि बाईंकडे बघितलं. “मूळ नोंद कुठली?”

“ही वही.”

“सही वहीतच घ्या. प्रत्येक पानावर.”

मुलगी त्या गिचमिडीकडे बघत राहिली. “मला हे वाचता येत नाही, काकू.”

“मला येतं, बाळ.”

मुलीने सगळ्या पानांवर सह्या केल्या. वकीलबाईंनी वही पाकिटात घालून मोहोरबंद केली. “हे वाचायला तुम्हालाच यावं लागेल. निवृत्तीनंतरसुद्धा.”

“बोलवाल तेव्हा येईन.”

संध्याकाळी मुदतवाढीचा अर्ज परत आला, बिनसहीचा. वाईट वाटायचं ते वाटलंच. बाईंनी अर्ज उलटा केला, पेन्सिलीला टोक काढलं आणि कोऱ्या बाजूवर लांब वेणीच्या मुलीचा जबाब लिहायला घेतला. पहिलं वाक्य नीट आठवलं. दुसरं काही केल्या आठवेना.