धावपट्टीवरचं फूल

मित्रांनो, मी एक जुना विमानतळ आहे. हसू नका. आज माझ्या अंगावर शेळ्या बसतात आणि लोक मासळी वाळवतात, तरीही आहे. कलकत्त्याच्या खाली, नदी समुद्राला मिळते तिथल्या एका चिमुकल्या बेटावर माझा जन्म झाला. बारकी विमानं उतरायची. टपाल यायचं, औषधं यायची, कधी एखादा साहेब. पहिल्या दिवशी झेंडूच्या माळा होत्या. माळा सुकल्या, तसं कौतुकही सुकलं.

माझी देखभाल श्यामकांत करायचे. नोकरीपायी कलकत्त्याला आलेला मराठी माणूस. माझ्यावर गवताची काडी उगवू देत नसत. सोबत पत्नी शकुन आणि सहा वर्षांची वृंदा. पोर कलकत्त्यात जन्मलेली, तिचं मराठी अर्धंमुर्धं.

अडुसष्ट साली वरून हुकूम आला : विमानतळ बंद. धावपट्टीवर मोठी पांढरी फुली रंगवा, म्हणजे वैमानिकाला आकाशातूनच कळेल की इथे उतरायचं नाही. मी धडधाकट होतो, पण विचारतो कोण? श्यामकांतांनी स्वतःच्या हातांनी फुली रंगवली. वृंदाला तो शब्द ठाऊकच नव्हता. तिने 'फूल' ऐकलं.

"बाबा, एवढा मोठा फूल? विमानासाठी?"

"हो गं, विमानासाठीच," म्हणत त्यांनी तोंड फिरवलं.

बदलीची वाट पाहत ते बेटावरच होते, तेवढ्यात वादळ आलं. वादळ सरलं, पण नदी खवळलेली, लाँच बंद. त्यातच वृंदाला मेंदूज्वर झाला. ताबडतोब कलकत्त्याला हलवा, असं डॉक्टर म्हणाले. पोलीस चौकीच्या बिनतारी यंत्रावरून निरोप गेला, घाईत फुलीचं सांगायचं राहिलं, आणि विमान निघालं.

श्यामकांत रॉकेल आणि ब्रश घेऊन माझ्याकडे धावले. घासघास घासलं. सरकारी रंग! जन्मभर पाण्यासारखा पातळ मिळायचा, नेमका तेवढाच अस्सल निघाला.

"अहो, आवाज येतोय, आटपा ना!" शकुन ओरडत होती. तिने चादरी आणून फुलीवर टाकल्या. वाऱ्याने त्या उडवून लावल्या.

माझ्या कडेला घोंगडीत गुंडाळलेली वृंदा पुटपुटली, "आई, विमान फूल बघून येणार."

विमानाने घिरट्या घातल्या, फुली पाहिली आणि नियमाप्रमाणे ते परत गेलं. माझी छाती मोकळी होती, मित्रांनो. मला ओरडता आलं नाही.

लाँच सुरू झाली तेव्हा फार उशीर झाला होता. वृंदाचा जीव वाचला, कान गेले. आता ती माणसं कलकत्त्याच्या मोठ्या विमानतळाशेजारी, डमडमला राहतात. विमानं छपरावरून जातात, शेजारीपाजारी वैतागतात आणि वृंदा निवांत भात कालवते.

जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं माझ्यासारख्याने शेवटी सांगायचं असतं. घ्या बापडे. पण ज्याच्यात अजून धमक आहे, त्याच्यावर फुली मारायची एवढी घाई करू नका. ती पुसायची वेळ आली की हात अपुरे पडतात.

परवा श्यामकांत वृंदाला घेऊन आले होते. पोर चांगली मोठी झाली आहे. माझ्यावरून चालत ती मधोमध थांबली आणि हसली.

"बाबा, तुमचा फूल अजून आहे!"

"फुली आहे गं ती, बाळा," श्यामकांत म्हणाले. पण ती खाली माझ्याकडे पाहत होती, त्यांच्या ओठांकडे नाही.