वावरात आलेलं केरळ

"मॅडम, पोरं आमच्या वावरात हायेत. आज सीतादही नाही काय आमची? दहीभात खाऊन राह्यले."

मधल्या सुट्टीत गेलेला वर्ग परत का आला नाही, ते सत्यशीलाबाईंना सोनूच्या आईच्या, मैनाबाईच्या फोनवरून कळलं. त्यांनी कपाळावर हात मारला. घाटंजीच्या मातीत जन्म गेला, आणि केरळच्या शाळेशी व्हिडिओ कॉल ठरवताना कपाशीची पहिली वेचणी आणि तिच्या आधीची सीतादहीची पूजा काही आठवली नाही!

खरं तर त्यांना थोडं हायसंच वाटलं. बाईंनी उभा जन्म इंग्रजी शिकवली, पण अनोळखी माणसाशी इंग्रजीत बोलायची पाळी कधी आली नव्हती. केरळच्या रमणी टीचरशी आजवर सगळं लिहूनच चाललेलं. कॉल ठरल्यापासून बाई भाकरी थापताना मोबाईलच्या ॲपशी इंग्रजी बोलायच्या. ॲप गुणी, काहीही बोललं तरी 'व्हेरी गुड' म्हणायचं. नवरा बळीराम विचारायचा, "त्याले बी भाकर वाढू काय?" पण पोरांसमोर बोबडी वळली तर? ही धास्ती काही ॲपला सांगता येत नव्हती.

"आज राहू द्या मग," त्या म्हणाल्या.

"राहू कायले द्या? इकडंच बोलवा तुमच्या केरळले. रेंजबी मस्त हाय."

आता पळवाट उरली नाही. बाई वावरात पोचल्या. कपाशीच्या एका झाडापुढे दहीभाताचा नैवेद्य मांडलेला होता. वावराच्या कडेला, धुऱ्यावरच्या पळसाच्या बेचक्यात मोबाईल बसवला आणि त्यात केरळचा अख्खा वर्ग उगवला.

शाळेत ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, ती पोरं इथे एकमेकांना ढकलून पुढे यायला लागली. सोनूने फुटलेलं बोंड कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटवलंच. "धिस इज कॉटन. माय मदर्स कॉटन." झाडावरचा कापूस तिकडच्या पोरांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी असा गलका केला की ओळींतल्या बाया वेचणी सोडून बघायला आल्या.

मग रमणी टीचरने विचारलं, कपाशीच्या झाडापुढे भात कशाला ठेवलाय? पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी मॅडमकडे.

हा प्रश्न पुस्तकात नव्हता, ॲपनेही कधी विचारला नव्हता. मैनाबाई पदराला हात पुसत टक लावून पाहत होती.

"फर्स्ट कॉटन," बाई म्हणाल्या. "वी... वी गिव्ह फूड टू प्लँट. प्लँट ईट फर्स्ट. देन वी."

व्याकरण कुठे सांडलं कोण जाणे. पण रमणी टीचरचा चेहरा खुलला. आमच्याकडे भाताच्या पहिल्या लोंब्यांची अशीच पूजा करतात, असं त्या सांगू लागल्या. मध्येच अडल्या, हवेत बोटं फिरवून शब्द शोधू लागल्या. अरे, ही बाईसुद्धा आपल्यासारखीच चाचपडतेय! सत्यशीलाबाईंना इतका आनंद झाला की त्या मोठ्याने हसल्या. पलीकडे रमणी टीचरही हसल्या. पुढे दोघी कितीतरी वेळ बोलत राहिल्या, पोरं बिचारी दहीभाताकडे वळली.

"काय म्हणे ते बाई?" मैनाबाईने विचारलं.

"पुढच्या वर्षी जेवाले येतो म्हणे."

"येऊ द्या ना. तिखट चालते काय तिले?"

संध्याकाळी बाई भाकरी थापायला बसल्या. चूल पेटली, पण स्वयंपाकघर गप्पच होतं. बळीरामने दारातून डोकावून पाहिलं.

"आज फोनसंग बोलणं नाही काहून?"

"आज मी माणसासंग बोलली," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि पहिली भाकरी त्यांनी त्याच्या ताटात वाढली. फोन फळीवर पडला होता. त्याच्याशेजारी सोनूने दिलेलं बोंड होतं.