वॉकर घेऊ नका, लिंक खाली आहे

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या हिरव्या दारावर खडूने लिहायची पद्धत आहे. दूधवाल्याचे खाडे, सिलेंडर लावल्याची तारीख, टीनाच्या लसी, सगळं तिथेच. मे महिन्यात त्या दारावर माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: "सोमवार, तीन तारीख, शाळेले सांगनं." ठकूबाईंचं अक्षर इतकं टपोरं, की घरात कुठेही बसलं तरी ती ओळ दिसायची. न्हाणीघरातूनसुद्धा, दार किलकिलं असलं तर. आणि टीना रांगायला लागल्यापासून मी कुठलंच दार पूर्ण लावत नाही.

झालं होतं असं. रिसालीतल्या एका खाजगी शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी मिळत होती. मी एम.एस्सी. आहे, रसायनशास्त्र. टीना अकरा महिन्यांची. शाळेजवळ एक पाळणाघर आहे, ते मी बघून आले. त्याच्या खिडकीच्या दोन गजांमधून माझी मूठ गेली. मूठ गेल्यावर पुढचं सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. मला इतकंच हवं होतं, की टीनाला "इथे दुखतं" असं बोट ठेवून सांगता येईपर्यंत, म्हणजे अजून एक वर्ष, मी घरी राहावं.

"एम.एस्सी. केली, अन् दिवसभर पोरीचा श्वास मोजून राहिली," सासूबाई म्हणाल्या. "तिचा श्वास तिले घेता येते वं."

"मी ब्लॉग लिहिते ना, आई. त्यातून घरबसल्या कमाई होते."

"कोनाची झाली?"

मी टीनाचा श्वास मोजायला घेतला.

सासूबाईंची शाळा चौथीत सुटली होती, म्हणून शिकलेली बाई घरात दिसली की त्यांच्या जिवाची तगमग होते. पण त्या सौद्याला पक्क्या आहेत. "तीन तारखेच्या सोमवारपर्यंत एक रुपया दाखव. खरा. मंग वर्षभर शाळेचं नाव काढनार नाही. नाही तं सोमवारी साडी नेसजो."

रुपया साइटवर माझ्या नावापुढे लागलेला दिसला तरी चालेल, एवढं मी तिथल्या तिथे कबूल करून घेतलं. हातात पडायला दोन महिने लागतात, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं.

माझ्या ब्लॉगचं नाव 'टीनाची आई बघतेय'. दोनशे बारा जणी वाचतात, दुर्ग, नागपूर, वर्धा आणि एक कुणीतरी दुबईतून. आतापर्यंतचे गाजलेले लेख म्हणजे 'बटण: दिसायला लहान', 'पंख्याखाली झोपवण्याआधी पंख्याकडे वर बघा' आणि 'शेंगदाणा'. कमाईचा मार्ग सोपा असतो म्हणे. एखाद्या कंपनीच्या योजनेत नाव नोंदवायचं, तिच्या मालाची लिंक आपल्या लेखाखाली टाकायची, आणि कोणी त्या लिंकवरून माल घेतला की आपल्याला थोडं कमिशन. प्रश्न एवढाच, की योजना कोणती घ्यायची. मी पाच शोधल्या. पाचांच्या अटी वाचल्या. अटी वाचून मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

तेव्हा माझे सासरे देवराव पुढे आले.

बाबांनी भिलाई-3 च्या यार्डात उभी नोकरी मालगाडीचे डबे तपासण्यात काढली. हातोडीने चाकावर टोला द्यायचा, आवाज ऐकायचा, आणि डबा बिघडलेला असला तर त्यावर खडूने 'सिक' लिहायचं. सिक लिहिलेला डबा गाडीतून काढतात. चांगला असला तर फिट. निवृत्त झाल्यावर बाबांनी हातोडी परत केली, खडू मात्र घरी आला. शेजारच्या भागीरथाबाईंनी विकायला आणलेला फणससुद्धा त्यांनी एकदा सिक केला होता.

"लिही पाची नावं दारावर," ते म्हणाले. "एक एक पाहू."

मी लिहिली. बाबांनी स्वयंपाकघरातून मोठा चमचा आणला, पहिल्या नावावर टक् केलं आणि कपाटाला कान लावला.

"पापा, ये वैगन नहीं है," राजदीप म्हणाला. राजदीप म्हणजे माझा नवरा, तोही यार्डातच आहे, नुकताच ड्यूटीवरून आला होता.

"सबन वॅगनच असते बाप्पा. माल भरला का चाक पाहाच लागते. हे पह्यलं का होय?"

"वेबसाइट ठेवायला जागा भाड्याने देणारी कंपनी. कमिशन सगळ्यात जास्त."

"आपल्या लाइनीत वेबसाइट कोन बांधून राहिलं? समोरच्या नरेशच्या घरचा तं सज्जा अर्धा पडून आहे." सिक.

दुसरी वजन कमी करायची पावडर. बाबांनी चमचा मारला, मग सासूबाईंकडे पाहिलं, आणि सिक लिहिलं.

"माह्याकडे कावून पाह्यलं काहो?" सासूबाई म्हणाल्या.

"आवाज ऐकून राहिलो होतो."

तिसरा विमा. त्याच्या अटींमध्ये 'मृत्यू' हा शब्द एकोणतीस वेळा होता, म्हणून तो मीच सिक केला. चौथी ती सगळं विकणारी मोठी साइट. तिथे कमिशन अगदी किरकोळ, आणि वाचणारीने लिंक दाबल्यावर चोवीस तासांत घेतलं तरच मिळतं.

"आपल्याइकडे बाई चोवीस तासांत साडीचा रंगही ठरवत नाही," सासूबाई म्हणाल्या. हा पहिलाच सिक त्यांनी दिला.

उरलं 'इवलं पाऊल' नावाचं लहान मुलांच्या सामानाचं दुकान. टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचे रबरी तुकडे, प्लगची झाकणं, वॉकर, असं सगळं. लिंक दाबल्यावर महिनाभरात कधीही घेतलं तरी कमिशन. बाबांनी तीनदा टक् केलं. टीनाने टाळ्या वाजवल्या. फिट.

मी त्याच दिवशी लिहायला बसले. कोपऱ्यांचे तुकडे आणि झाकणं यांवर एक लेख, लिंकसकट. मग, दुकानात सगळ्यात जास्त वॉकर खपतो म्हणून, वॉकरवर दुसरा. पण लिहिता लिहिता मी डॉक्टरांची मतं वाचली, आणि मग माझा हात थांबेना. लेखाचं नाव पडलं 'वॉकर घेऊ नका'. त्यात मी लिहिलं, की या वस्तूला खालून सहा चाकं असतात, ती एका धक्क्यात अख्खी खोली पार करते, फरशीवर तिला कोणी थांबवू शकत नाही. कमाईच्या लेखाखाली लिंक हवीच, म्हणून शेवटी टाकली.

राजदीपने मोबाइलवर लेख वाचला. "नूतन, तू दुकान के सामने खड़ी होके बोल रही है के मत लो."

"खरं तेच लिहिलं."

"वो तो ठीक है. लिंक कायको डाली फिर?"

"कोणती वस्तू घ्यायची नाही, हे त्यांना दिसायला नको?"

बारा दिवस गेले. साइटवर माझ्या नावापुढे शून्य. मी दिवसातून वीसदा बघायची. टीनाचा श्वास, शून्य, टीनाचा श्वास, शून्य.

मग शुक्रवारी, मी टीनाला आंघोळ घालत असताना, बाबा पायजम्याच्या खिशात वही घालून बाहेर पडले.

हे मला नंतर कळलं. रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हा बाबांची एक सवय होती. तिकीट काढायचं असलं की अख्ख्या लाइनीचे, म्हणजे घरांच्या रांगेचे, फॉर्म एकटे तेच भरायचे आणि एकटेच खिडकीवर उभे राहायचे. नऊ घरांनी नऊदा उभं राहायचं म्हणजे त्यांच्या मते बावळटपणा. त्याच हिशोबाने ते घरोघर गेले. सुनेचा ब्लॉग आहे, झाकणं चांगली आहेत, कोण घेतंय. भागीरथाबाई म्हणाल्या, "मोर बर घलो दू ठन मँगा देबे, भय्याजी." त्यांच्या घरी सगळ्यात लहान माणूस एकोणतीस वर्षांचा आहे, पण भय्याजी दारात आलेत म्हटल्यावर त्यांनी दोन मागवली. नरेशने सज्ज्यासाठी कोपऱ्याचे तुकडे मागवले. बाबांनी ओसरीत बसून, स्वतःच्या एका मोबाइलवरून, माझीच लिंक दाबून, आमच्याच पत्त्यावर एकापाठोपाठ नऊ ऑर्डरी टाकल्या. "माल आननारा पोरगा वेगळाली घरं शोधत बसते, एकाच दारी टाकू द्या त्याले," असा वर विचारही केला.

मी टीनाला पुसत बाहेर आले आणि साइट उघडली. नऊ.

मी खाली बसले. बाबा दारात उभे होते, हात मागे बांधून, गाडी सुटताना उभे राहायचे तसे.

"झालं काम," ते म्हणाले. "सासूले दाखव."

सासूबाईंनी चष्मा लावून नऊ पाहिले. "खरे होय का?" त्यांनी एवढंच विचारलं, आणि वाक्य पुसायला ओलं फडकं घेतलं. 'सोमवार' पुसला गेला, 'तीन तारीख' पुसली जात होती, तेवढ्यात माझ्या मोबाइलवर दुकानाची मेल आली. नऊच्या नऊ ऑर्डरी एकाच फोनवरून, माझ्याच घराच्या पत्त्यावर आल्या आहेत. स्वतःच्या घरातली खरेदी कमिशनला धरत नाही, अट क्रमांक चौदा. पुन्हा असं दिसलं तर खातं बंद.

अट क्रमांक चौदा मला पाठ होती. पाठ नव्हती ती बाबांना, कारण त्यांना मी ती सांगितलीच नव्हती आणि त्यांनी मला विचारलंच नव्हतं.

सासूबाईंनी फडकं ठेवलं आणि 'सोमवार' पुन्हा लिहिला.

बाबांनी मागे बांधलेले हात सोडले. "चाळीस वर्षं एका खिडकीवर साऱ्यांचे फॉर्म भरले," मग म्हणाले. "कोन्या बाबूनं वापस नाही केला."

"बाबा, चूक तुमची नाही. साइटला लाइन माहीत नाही."

"अशी कशी साइट बे," ते राजदीपला म्हणाले, जणू ती त्याने बांधली होती.

रविवारी नऊ खोकी आली आणि ओसरीत लोक न्यायला आले. मी आत बसून पाळणाघरासाठी यादी लिहीत होते. टीनाला पाणी पाजताना काय बघायचं, टीना हसली तर काय बघायचं. एक्केचाळीस मुद्दे झाले. सासूबाईंनी माझी बदामी साडी इस्त्रीला काढली होती. मी शेवटचं म्हणून साइट उघडली. नऊ ओळी, नऊही खोडलेल्या. आणि त्याखाली दहावी, न खोडलेली. वस्तू: वॉकर. संख्या: एक. तारीख: शनिवार. माझ्या नावापुढे बहात्तर रुपये.

मला आनंद झाला असेल. पण तो मला सापडला नाही, कारण त्याआधीच मला एक बाळ दिसलं. अनोळखी घरातलं, सहा चाकांवर बसलेलं, पायऱ्यांकडे निघालेलं. कोणी घेतलं हे साइट सांगत नाही.

"मी ब्लॉगवर लिहिते," मी म्हटलं. "ज्यांनी वॉकर घेतला त्यांनी परत करावा म्हणून."

"परत केला तो बहत्तर भी गया," राजदीप म्हणाला. "अट बारा, तूच बोली थी."

"अकरा."

"सोच ले. कल सोमवार है."

सगळे माझ्याकडे बघत होते. ओसरीतून भागीरथाबाईसुद्धा, हातात प्लगची दोन झाकणं घेऊन. मी बदामी साडीकडे पाहिलं. टीना जमिनीवर बसून एक खोकं चावत होती. मी ते तिच्या तोंडातून काढलं आणि लिहिलं: "शनिवारी ज्यांनी माझ्या लिंकवरून वॉकर घेतला, त्यांना हात जोडून विनंती. परत करा. माझं कमिशन जाईल, जाऊ द्या. बाळाचं नाव आणि घराला पायऱ्या किती, हे कळवा."

सासूबाई साडीकडे वळल्या. पण इस्त्री गरम झाली होती तरी त्यांनी ती साडीवर ठेवली नाही.

उत्तर चहाच्या वेळी आलं. जामुलची कुणी खुशबू. मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

"नूतन दीदी, मराठी पढ़ लेती हूँ, लिखना नहीं आता. हमारे घर में छोटा बच्चा नहीं है, घबराइए मत. आपने लिखा था कि ये चीज़ एक धक्के में पूरा कमरा पार कर जाती है. तभी सोच लिया था. सासू माँ से गैस का सिलेंडर सरकता नहीं था. सीट निकालकर पटिया बाँध दी, ऊपर सिलेंडर रख दिया. अब एक उँगली से चलता है. वापस नहीं करूँगी."

मी मोबाइल खाली ठेवला. मग बाबांनी चमचा उचलला, कपाटावर टक् केलं, कान लावला.

"फिट," ते म्हणाले.

सासूबाईंनी फडकं घेऊन अख्खी ओळ पुसली, नीट, कोपऱ्यापर्यंत. "बहात्तर खरे आहेत," त्या म्हणाल्या. "बोलली तं बोलली. वर्षभर राह्य." फडकं पिळून त्यांनी मला विचारलं, "आता कावून तोंड पाडून बसली वं?"

"आई, सिलेंडर आहे तो. भरलेला. चाकांवर. आणि त्याला नळी जोडलेली." मी लेख लिहायला घेतलाच होता. नाव ठरलं होतं, 'वॉकरवर सिलेंडर ठेवू नका'.

सासूबाईंनी माझ्या खांद्यावरून तो वाचला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या माझा लेख वाचत होत्या. "मंग ठेवाव कशावर?" त्या म्हणाल्या. "तेही लिही ना. चाकाची, ब्रेकवाली अशी काई गाडी भेटत असन कुठी."

मी शोधलं. भेटते. चार दुकानं विकतात आणि चौघांच्याही कमिशनच्या योजना आहेत.

"सांग नावं," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खडू उचलला.