आक्काचा उन्हाळ्याचा बंगला

आक्काच्या आजोबांचा लाकडाचा व्यापार होता. शहरातल्या धुराने आजीला दम लागायचा, म्हणून त्यांनी समुद्राकाठी जागा घेतली आणि वखारीतलं उत्तम लाकूड वेगळं काढून तिथे बंगला बांधला. आजीला तो फार काळ लाभला नाही. पण शाळांना सुट्टी लागली की काका, आत्या आणि त्यांची चिल्लीपिल्ली, सगळं खटलं तिथे येऊन पडायचं. झोपायला जागा पुरायची नाही. व्हरांड्यात ओळीने गाद्या पडायच्या आणि सकाळी प्रत्येकाच्या अंथरुणात वाळू सापडायची.

पुढे एकेक जण गळत गेला. कोणी लांब गेलं, कोणी कायमचं गेलं. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या खाल्ल्या, दारं फुगली. वडील गेल्यावर मधला भाऊ म्हणाला, "विकून मोकळे होऊ." परदेशातल्या धाकट्याने फोनवर हात वर केले, "तुम्ही ठरवाल ते."

आक्का पोस्टात नोकरीला होती. लग्न राहूनच गेलं होतं. तिने नोकरी सोडली, साठवलेलं सगळं बंगल्यात ओतलं आणि तो लग्नाकार्याला, कंपन्यांच्या बैठकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. स्वतः कोठीशेजारच्या खोलीत राहिली. आलेले पाहुणे दोन दिवस "आक्का, गरम पाणी", "आक्का, उशी" करत तिला भंडावून सोडायचे. तिला ते आवडायचं. मग गाड्या भरल्या जायच्या, फाटक लागायचं आणि एवढ्या मोठ्या घरात तिच्या एकटीच्या चपलांचा आवाज उरायचा.

मधला भाऊही वारला. त्यानंतरच्या वर्षी धाकट्याचा फोन आला. "आक्का, पोरीला लग्न आपल्या बंगल्यातच करायचंय."

आक्काच्या अंगात वारं शिरलं. तिने घराला रंग दिला, धाकट्याची लहानपणची खोली स्वतः पुसली. तिथल्या खिडकीची कडी जाम झाली होती, ती तेल घालून सोडवली.

धाकटा आला तो लग्नाच्या सकाळी, बायको-मुलीसकट, अंघोळ-बिंघोळ आटोपून. "आम्ही हमरस्त्यावरच्या हॉटेलात उतरलोय. तुला कशाला व्याप?"

"व्याप कसला रे?" आक्का म्हणाली आणि पाहुण्यांच्या पाण्याचं बघायला गेली.

लग्न झकास झालं. जेवणं उरकल्यावर धाकटा माइक घेऊन उभा राहिला. आजोबांचं लाकूड, गाद्यांची ओळ, सगळं त्याने रंगवून सांगितलं. मग समुद्राकडे हात करून म्हणाला, "इथेच मी बुडत होतो. सहा वर्षांचा असेन. आमच्या नावाड्याने उडी मारून मला बाहेर काढलं, म्हणून आज हा दिवस!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आक्का खांबाला टेकून उभी होती. तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

पाहुणे पांगल्यावर धाकटा तिच्याजवळ येऊन बसला. "कसं बोललो?"

"छान बोललास. पण बाळ, नावाडी नव्हता रे तेव्हा."

"मग कोण होतं?"

"मी होते."

तो खो खो हसला. "आक्का, तू? तुला पोहता तरी कुठे येत होतं!"

"नव्हतंच येत. गळ्यापर्यंत पाण्यात शिरले आणि तुझे केस धरले. नावाडी नंतर धावत आला. त्याने तुला उचलून घरी नेलं. तेवढंच तुझ्या लक्षात राहिलं असेल."

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला काहीच आठवत नव्हतं, हे तिला त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. "असेल बाई. तू म्हणतेस तर असेल," तो समजूत काढल्यासारखं बोलला आणि वाजणारा फोन घेऊन उठला.

खोटं पाडलं असतं तर ती भांडली असती. ह्या "असेल"शी कसं भांडायचं? आईने त्या दिवशी तिला आधी थोबाडीत मारली होती आणि मग कवटाळलं होतं. ते आईला माहीत होतं, मधल्याला माहीत होतं, नावाड्याला माहीत होतं. आता विचारायचं कोणाला? ती दुपार आठवणारं तिच्याशिवाय कोणीही शिल्लक नव्हतं.

ऊन उतरताना मंडळी निघाली. भाचीने मिठी मारली, "आत्या, घर किती गोड आहे गं!" धाकटा वाकून पाया पडला. "आता तू ये आमच्याकडे," असं तो दर वेळी म्हणायचा, तसं म्हणाला. गाडी वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का फाटकाबाहेर पडली आणि खडकांच्या डाव्या अंगाला, धाकटा बुडत होता तिथे गेली. त्या दुपारनंतर तिने ह्या पाण्यात पाय घातला नव्हता. तिने साडी वर खोचली आणि आत शिरली. पाणी घोट्यांना लागलं, मग गुडघ्यांना. पायाखालची वाळू सरकली तशी ती दचकली, पण मागे फिरली नाही.

"किती घट्ट धरलं होतं रे तुला," ती मोठ्याने म्हणाली. लाटांचा आवाज एवढा होता की तिचं तिलाही ते नीट ऐकू आलं नाही.

मांडववाले खांब उतरवायला आले होते. फाटकाशी उभे राहून ते हाका मारत होते. आक्काने ओल्या साडीचा काठ पिळला आणि ती त्यांना कुलूप काढून द्यायला परत वर आली.