नमुन्याचा नंबर

रत्नमाला वारली, तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि पाहुणे जेवायला बसले, तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. तिच्या नवऱ्यानं, कचरूनं तो उचलला. पलीकडून एका बाईनं विचारलं, ब्लाउज झालं का? रत्नमालानं उभ्या जन्मात कधी सुई हातात धरली नव्हती. राँग नंबर म्हणून कचरूनं फोन ठेवला. पण त्याच आठवड्यात कुणी जेवणाचा डबा मागितला, कुणी मंगल कार्यालयाची तारीख विचारली, आणि मग पुन्हा ब्लाउज. ती असताना मोबाइल तिच्याच हातात असायचा, असे फोन तेव्हाही यायचे का, ते कचरूला ठाऊक नव्हतं.

रत्नमाला एका खासगी क्लासमध्ये वेबसाइट बनवायला शिकवायची. संध्याकाळी हर्सूलच्या घरी बसून इंटरनेटवर स्वतःचं एक पान लिहायची. त्यात कोडचे छोटे तुकडे असत. पोरांनी ते उचलून आपल्या कामात चिकटवायचे. प्रत्येक तुकड्याखाली मराठीत चार ओळींची सूचना असे. मोबाइलवर फोटो चौकटीबाहेर जाऊ नये म्हणून काय करावं, पानाच्या तळाचं साल दरवर्षी आपोआप कसं बदलावं, फॉर्म अर्धवट भरला तर माणसावर न डाफरता त्याला कसं सांगावं, असलं सगळं. कचरूची हयात चिकलठाण्यात लेथ मशिनवर गेली. त्याला यातलं काही कळत नव्हतं. तो शेजारी लसूण सोलत बसायचा आणि ती सूचना मोठ्यानं वाचून दाखवायची. “तुला कळलं म्हणजे पोरांना कळंल,” असं म्हणायची. त्याला नाही कळलं तर ती पुन्हा लिहायची.

मूलबाळ नव्हतं. तो निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. ती गेल्यावर दिवसभर घरात भांड्याचा आवाज यायचा, तोही त्याच्याच हातचा. तिचा मोबाइल तेवढा तो रोज चार्जिंगला लावायचा.

असेच दोनेक महिने गेले आणि कचरूनं राँग नंबर म्हणणं सोडून दिलं. लग्न कुणाचं, मुलगा काय करतो, डबा तिखट लागतो की बेताचा, अशी चौकशी तो करू लागला. मग ज्याचा निरोप त्याला पोचवायचा. एका वहीत दुकानांची नावंही लिहून ठेवली. ब्लाउजवाल्या बायका औरंगपुऱ्यातल्या आशाबाईच्या गिऱ्हाईक निघाल्या. कचरू स्कूटर काढून तिच्या दुकानात जायचा, विचारायचा आणि घरी येऊन त्या बाईला कळवायचा. पाचव्या खेपेला आशाबाईनं मशीन थांबवलं.

“दादा, एक विचारू? तुम्हाला बायका तरी किती?”

दुकानातल्या पोरी हसल्या. कचरूलाही हसू आलं. किती दिवसांनी आलं, हे त्याला परतीच्या रस्त्यावर जाणवलं.

श्रावण संपता संपता एके सकाळी तो आंघोळ करून बाहेर आला, तर मोबाइलवर सहा मिस्ड कॉल होते. सगळे एकाच नंबरचे. त्यानं फोन लावला. चंपाबाई नावाची म्हातारी होती. तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, म्हणून ती दवाखान्याची ॲम्ब्युलन्स बोलवत होती. शेवटी शेजाऱ्याच्या जीपमधून नेलं, आता बरं आहे, असं तिनं सांगितलं. मग म्हणाली, “सहा येळा लावला, बाबा. तुमी लोक फोन ठेवता कशाला मग?”

कुठल्या दवाखान्याच्या वेबसाइटवरून फोन लावला, ते कचरूनं तिला विचारून घेतलं. त्यानं रत्नमालाची जुनी विद्यार्थिनी तनुजा हिला फोन केला. ती आता एका कंपनीत वेबसाइटचीच कामं करत होती. रविवारी घरी आली.

तनुजानं आधी त्या दवाखान्याची वेबसाइट उघडली. त्यावर दिसत होता तो नंबर दवाखान्याचाच होता. ती बुचकळ्यात पडली. मग तिनं ‘कॉल करा’ या बटणामागचा कोड पाहिला, तर तिथं रत्नमालाचा नंबर होता. नंबर दोन ठिकाणी लिहावा लागतो, तिनं कचरूला समजावलं. एक माणसाला दिसतो तो आणि एक बटणामागचा, ज्याला फोन खरोखर लागतो. बनवणाऱ्यानं दिसणारा बदलला होता. मागचा रत्नमालाच्या तुकड्यातला तसाच राहिला होता.

तिनं रत्नमालाचं पान काढलं. त्या तुकड्याखालची सूचना कचरूनं वाचली. ‘नंबर दोन ठिकाणी आहे. दोन्हीकडे बदला. नमुन्यासाठी परक्याचा नंबर टाकू नका, त्याला उगाच त्रास होतो. म्हणून मी माझाच टाकला आहे.’

“काका, आम्ही कोड तेवढा उचलायचो,” तनुजा मान खाली घालून म्हणाली. “खालचं कुणी वाचायचं नाही. ती डब्यावाल्याची साइट मीच केली होती.”

सगळ्या साइटची नावं द्या, मी एकेकाला गाठून दुरुस्त करून घेते, असं ती म्हणाली. कचरूनं वही आणली, पण उघडली नाही.

“मग हा फोन वाजायचा नाय.”

“नाही वाजणार, काका.”

कचरूनं चष्मा पुसला. मग नावं वाचली. पहिलं दवाखान्याचं. त्यानंतर डबा, मंगल कार्यालय, एक क्लास, एक ट्रॅव्हल्सवाला. त्याच पानावर खाली आणखी एक नाव होतं. त्यानं वही मिटली.

“एवढीच?”

“व्हय. एवढीच.”

आता नमुन्यात कुठला नंबर टाकायचा, तनुजानं विचारलं. मग तिचं तीच म्हणाली, सगळी शून्यं टाकू, म्हणजे कुणालाच लागणार नाही. कचरू म्हणाला, मी करतो. रत्नमालाच्या खुर्चीत बसून त्यानं एका बोटानं दहा आकडे एकेक करून पुसले आणि दहा शून्यं टाकली. आधी एका ठिकाणी, मग दुसऱ्या ठिकाणी. सूचनेतली शेवटची ओळ आता खरी राहिली नव्हती, आणि रत्नमालाला खोटं लिहिलेलं चालायचं नाही. त्यानं ती ओळ एकदा मोठ्यानं वाचली आणि तीही पुसली.

पुढचे अकरा दिवस मोबाइल मुका होता. तरी कचरू तो चार्जिंगला लावत होता. बाराव्या दिवशी दुपारी तो वाजला.

“ब्लाउज झालं का हो?”

“नाव सांगा,” कचरू म्हणाला. “विचारून कळवतो.”

औरंगपुऱ्यात आशाबाईनं त्याला स्कूटर लावताना पाहिलं आणि दोरा दातानं तोडला.

“लई दिवसांनी, दादा. आज कुणाचं?”

“मनकर्णाबाईचं,” कचरू म्हणाला. “निळ्या काठाचं.”

तिनं त्याच्याकडे स्टूल सरकवलं. काजं करायची राहिली होती, म्हणाली. बसा जरा.

कचरू बसला.